तिसऱ्या रांगेतला फोकस

आता आपला फोटो हुकणं शक्यच नाही, असं वेंडेल कोपेकनं शुक्रवारी साप्ताहिकाच्या कचेरीत सगळ्यांना ठणकावून सांगितलं. कारणही तसंच होतं. नवा कॅमेरा आला होता. समोर माणूस दिसला की तो आपणहून चेहरा हुडकायचा आणि मांजरानं उंदीर धरावा तसा डोळ्यांवरचा फोकस सोडायचाच नाही. कॅनडात, मॅनिटोबातल्या त्या गावात तीस वर्षं बर्फावरच्या हॉकीचे फोटो काढून वेंडेलची बोटं थिजली होती; आता जरा सुख येणार होतं.

संपादक लोरेननं फक्त बजावलं, "उद्या आपल्या कर्णधाराचा, तोर्फीचा, शेवटचा सामना. पहिलं पान त्याचं. गोंधळ घालू नकोस."

तोर्फीनं शेवटच्या मिनिटाला गोल मारला. वेंडेलनं दोन सेकंदांत चाळीस फोटो टिपले आणि शीळ घालत कचेरीत आला.

संगणकावर फोटो उघडले आणि शीळ ओठांतच विरली. तोर्फीचा चेहरा शिरस्त्राणाच्या जाळीआड होता. तो काही कॅमेऱ्याला सापडला नाही. म्हणून त्यानं मागे प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसलेल्या सिगरूनबाईंचा चेहरा पकडला होता. चाळीसही फोटोंत कर्णधार वाळत घातलेल्या लाल गोधडीसारखा पुसट, आणि सिगरूनबाईंची पापणी न् पापणी मोजून घ्यावी! हातात तळलेल्या बटाट्याची काडी, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले.

लोरेननं चाळीसही फोटो पुन्हा एकदा चाळले. दुसरा फोटो नव्हता आणि छपाई थांबणार नव्हती. तिनं त्यातलाच एक छापला.

सोमवारी गाव वेंडेलवर खूश. अख्खा सामना त्या एका चेहऱ्यात दिसतो, असं जो तो म्हणू लागला. वेंडेलही मान लववून, हे सुचायला तीस वर्षं लागतात, असं सांगत सुटला.

मंगळवारी खुद्द सिगरूनबाई कचेरीत आल्या. विनिपेग शहरातल्या लेकीला त्या आठ महिने फोनवर सांगत होत्या, की मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून नुसत्या उकडलेल्या कोबीवर आहे. आता तळलेल्या बटाट्यासकट अंक लेकीच्या हाती पडला होता.

"माझाच फोटो का काढलास?"

खरं सांगून टाकावं, असं वेंडेलनं ठरवलं. "बाई, शपथेवर सांगतो, मी नाही काढला. कॅमेऱ्यानंच आपल्या मनानं तुम्हाला शोधलं. माझा काही हात नाही."

बाई विचारात पडल्या. राग ओसरला.

"असं होय? रविवारी नातीचा बाप्तिस्मा आहे. कॅमेरा पाठवून दे. तू नाही आलास तरी चालेल."