सदर ग्रह रद्द समजावा

भीमाशंकर गुरुजींनी रविवारी दुपारी एक काम बायकोपासून दडवायचं ठरवलं, आणि ते इतकं नीट दडवलं की पुढे त्यांनाही सापडलं नाही.

काम गुन्ह्याचं नव्हतं. 'शुक्रपथ' ही अंतराळातल्या साहसांची मालिका एकतीस वर्षं चालू होती. तिची नऊ पर्वं होऊन गेली होती, चार कप्तान बदलले होते, आणि आता दहाव्या पर्वासाठी कंपनीने प्रेक्षकांकडून कल्पना मागवल्या होत्या. शेवटची तारीख सोमवार. गुरुजींनी याआधी पाच वेळा कल्पना पाठवल्या होत्या आणि पाचही वेळा उत्तर आलं नव्हतं. चौथ्या कल्पनेची प्रत मेव्हण्याच्या हाती लागली होती. त्याने ती घरच्या लग्नात भर पंगतीत वाचून दाखवली, तेव्हा जिलबी वाढणारा गडी हसून हसून ताटांमध्येच बसला होता. तेव्हापासून घरात ग्रहांचा विषय निघालाच तर गुरुजी शनी आणि मंगळ यांच्या पलीकडे जात नसत.

सोमवारची आणखी एक तारीख होती, आणि ती जास्त महत्त्वाची होती. चिंचोरवाडीची निम्मी घरं दरसाल ऊसतोडीला जातात. मुलं आईबापांबरोबर गेली की त्यांचं वर्ष फडात जातं आणि शाळेत बाकं उरतात. त्यावर उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. मुलं गावातच आजीजवळ, चुलतीजवळ राहतात आणि दोन वेळचं जेवण शाळेत मिळतं. यंदा अशी त्रेचाळीस मुलं होती. मंजुरी आली तर ती राहणार होती, नाही तर पुढच्या रविवारी बोचक्यांबरोबर ट्रकात बसणार होती.

बावीस वर्षांच्या नोकरीने गुरुजींना एकाच पद्धतीने लिहायची सवय लावली होती. त्यामुळे वसतिगृहाचा प्रस्ताव 'विषय, संदर्भ, महोदय' असा सुरू होत होता, आणि मालिकेची कल्पनाही तशीच. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, या ग्रहास तीन चंद्र आहेत.' दोन्ही कागद संगणकावर शेजारी शेजारी उघडे होते. दोन्हींना अजून नाव दिलेलं नव्हतं. कुणी पाहिलंच तर संशय नको म्हणून खऱ्या कागदाला 'वसतिगृह प्रस्ताव एक' आणि ग्रहाच्या कागदाला 'वसतिगृह प्रस्ताव दोन' म्हणायचं, असं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. तेवढ्यात वर्षाराणीबाई चहा घेऊन आल्या.

"काय लिहायलाव?"

"वसतिगृहाचं."

"मंग हातानं झाकायलाव कावून?"

"उन्हाची तिरीप येती," गुरुजी म्हणाले. खिडकी उत्तरेला होती. त्या गडबडीत त्यांनी समोरच्या कागदाला पहिलं नाव दिलं आणि मागच्याला दुसरं. समोरचा कागद ग्रहाचा होता.

सोमवारी सकाळी ते पेनड्राइव्ह घेऊन प्रवीणच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. मागे सात-आठ माणसं दाखल्यांसाठी उभी होती.

"पहिल्याच्या तीन प्रती काढ," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "दुसरा ह्या पत्त्यावर मेल कर. उघडायचं काम न्हाई."

"म्या कशाला उघडतोय? लोकांचं वाचत बसलो तर दुकान चालंल का, सर?"

प्रवीणने प्रती काढल्या, मागे पालकांच्या सह्या-अंगठ्यांची पानं जोडली आणि पाकीट बंद केलं. ही पानं आठवडाभर आधीच तयार होती. तोडीला निघायच्या घाईत पालक पुन्हा सापडत नाहीत, म्हणून कोऱ्या पानावर अंगठे आधी घ्यायचे आणि मजकूर मागाहून जोडायचा, ही चिंचोरवाडीची गुरुजींच्याही आधीपासूनची रीत. पाकीट त्याच दिवशी तालुक्याच्या कार्यालयात आवक झालं. रात्री गुरुजी समाधानाने जेवले.

गुरुवारी शाळा सुटताना पाच-सहा पालक मंजुरीचं विचारायला आले. पुढे शाळा समितीचे अध्यक्ष आसाराम. ते स्वतः तोडीला जाणारे, आणि त्यांच्या दोन मुली यादीत होत्या. शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या कौशल्याबाई ओट्यावर भांडी पालथी घालत होत्या. नेमका तेव्हाच तालुक्याहून सिद्धाराम क्लार्कचा फोन आला.

"इस्पीकरवर टाका," आसाराम म्हणाले. "आमाला बी ऐकू द्या."

गुरुजींनी टाकला. आयुष्यात काही बटणं दाबून झाल्यावरच कळतात.

"गुरुजी, तुमच्या प्रस्तावात त्रुटी हायेत," सिद्धाराम म्हणाले. "लिहून घ्या. पान एक. ग्रहाला तीन चंद्र दाखवलेत. पण सदर ग्रह कोणत्या केंद्रशाळेच्या हद्दीत येतो, त्याचा उल्लेख न्हाई."

फोन बंद करावा म्हणून गुरुजी बटण शोधू लागले, तर आवाज आणखी वाढला.

"पान दोन. गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळं अन्न ताटात राहत न्हाई, असं तुमीच लिहिलंय. मंग आहार वाटप कसं करनार? खुलासा जोडा. पान तीन. कप्तान ह्ये पद मंजूर पदांत न्हाई. मानधनावर घेनार का, ते स्पष्ट करा. लाभार्थ्यांना सहा डोळे हायेत. दिव्यांग प्रमाणपत्र लागंल का न्हाई, ते मी साहेबांना इचारून सांगतो."

कौशल्याबाई हातातलं पातेलं घेऊन फोनजवळ सरकल्या.

"सिद्धारामजी," गुरुजी कसेबसे म्हणाले, "तुमाला ह्ये वाचून काही… येगळं वाटलं न्हाई का?"

"वाटलं की. नवोपक्रम असंल असं वाटलं. मागल्या साली एका शाळेनं गांडुळांचं बँड पथक लिहून पाठवलं होतं. आन् शेवटी त्रेचाळीस पोरांच्या पालकांची संमती हाय. अध्यक्षांची सही हाय. आमी कोन नको म्हननारे?"

आसारामांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. सही त्याच हाताने केली होती.

"आता पान पाच. ग्रहाची महारानी कौशल्या-नऊ ही प्रजेला पळीनं मोजून अन्न देती आन् पुन्हा मागितलं तर सहाही डोळे वटारती. ह्या महारानीचं आधार कार्ड…"

ओट्यावर पातेलं आपटल्याचा आवाज झाला.

"माझं पळीचं कोन लिवलं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"मावशी, ती दुसरी कौशल्या. परग्रहावरली."

"नऊ आकडा लावला म्हनून मी वळखू न्हाई व्हय? त्रेचाळीस पोरांस्नी किलोभर डाळ वाटून दावा तुमी, पळीबिगर! मंग बगते तुमचे किती डोळे वटारत्यात!"

गुरुजींनी खाली पाहिलं. ओट्याच्या फरशीला सतरा चौकोन होते, हे त्यांना बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. फोन संपल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. मालिका, कल्पना, फाइलची नावं, चहा. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजी आमच्या पोरांचा कागद तिथं गेलाच न्हाई," आसाराम म्हणाले.

"न्हाई."

"ट्रक परवाच्याला हायेत, गुरुजी. शनवारी भरायचे, रैवारी पहाटं निघायचं."

"उद्या सकाळी म्या सोता घेऊन जातो. फक्त अंगठे पुन्हा लागतील."

"देऊ की. पर ह्या टायमाला आदी वाचून दावा. मागल्या खेपंला आमी कशाला अंगठा लावलता, आमाला आत्ता कळलं."

संध्याकाळी मंदिरापुढच्या पारावर वाचन झालं. गुरुजींनी वसतिगृहाचा प्रस्ताव पहिल्या ओळीपासून वाचला. मुलाचं नाव, वय, इयत्ता, आईबाप कुठल्या भागात जाणार, मागे कोण राहणार. 'आजी, वय एकाहत्तर, डोळ्यांनी दिसत नाही.' 'कोणी नाही, शेजारी बायनाबाई यांचेकडे निजेल.' त्रेचाळीस नावं संपायला अर्धा तास लागला. आपलं नाव आलं की माणसं मान हलवत होती. बायनाबाई तर "व्हय, निजंल," असं मोठ्याने म्हणाल्या आणि मगच त्यांनी अंगठा दिला.

"ह्ये ठीक हाय," शेवटी आसाराम म्हणाले. "पर गुरुजी, तिकडं तीन चंद्रांवर आपल्या गावातलं कोनी न्हाई का? कौशल्यामावशी सोडून?"

"न्हाई."

"कावून?"

"तिकडं शास्त्रज्ञ लागतात," असं गुरुजी पुटपुटले, आणि ते आसारामांना ऐकू गेलं नसेल अशी आशा करत उठले.

शुक्रवारी सिद्धारामांनी नवा प्रस्ताव घेतला, पण जुना सोडायला ते तयार होईनात. "तो आवक झालाय. नंबर पडलाय. उद्या तपासनीत कुनी इचारलं, ग्रह कुठं गेला, तर मी काय दावू? तसा अर्ज द्या."

तेव्हा गुरुजींनी कार्यालयाच्या बाकावर बसून अर्ज लिहिला. 'मागील सोमवार रोजी सादर केलेला ग्रह अनवधानाने पाठवण्यात आला असून सदर ग्रह त्याच्या तिन्ही चंद्रांसह रद्द समजण्यात यावा.' सिद्धारामांनी तो वाचला, 'तिन्ही'च्या खाली रेघ मारली आणि शिक्का दिला. साहेब त्याच दिवशी जागेवर होते, हे नशीब. शनिवारी दुपारी ट्रक भरत असताना मंजुरी आली. टपावर चढलेल्या दोन पोरी खाली उतरल्या. एकीला फार वाईट वाटलं, कारण तिला ट्रकात पुढे बसायला मिळणार होतं.

वर्षाराणीबाईंना सगळं गावाकडून कळलंच होतं. जेवताना आमटी वाढायला त्यांनी पळी घेतली, एक पळी वाढली आणि थांबल्या. गुरुजींनी पुन्हा मागितली नाही.

इतकं होऊनही एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. ग्रह तालुक्याला गेला, तर मग कंपनीला काय गेलं होतं? ते महिनाभराने कळलं. कंपनीचं पत्र आलं. साडेचारशे कल्पनांमधून दहाव्या पर्वासाठी त्यांची कल्पना निवडण्यात आली होती. 'एका कोरड्या वसाहतीवर दरवर्षी मोठी माणसं सहा महिन्यांसाठी निघून जातात आणि त्रेचाळीस मुलं मागे उरतात, ही कल्पना आमच्या अंगावर आली. मुलांची यादी देण्याची थंड शैली तर अपूर्व आहे. दिसत नसलेली आजी कुठून सुचली?'

पत्र वर्षाराणीबाईंनी शाळेच्या ओट्यावर येऊन वाचलं. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "फोन करा त्यांना. आत्ता."

गुरुजींनी केला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज प्रसन्न होता.

"मॅडम, ती कल्पना नाही. चुकून आली. ती आमच्या गावची खरी यादी आहे."

"वा!" बाई म्हणाल्या. "हेच आम्हाला आवडलं, सर. तुम्ही त्या जगात इतके शिरला आहात की तुम्हाला ते खरं वाटतं!"

"वाटत नाही, मॅडम. आहे. सगळी मुलं आता समोरच जेवायला बसलीत."

"सुंदर. हे वाक्य घेऊ आपण. फक्त एक अडचण आहे. आमच्या लेखकांचं म्हणणं, आईबाप पोटच्या मुलांना सोडून सहा-सहा महिने जातात, हे प्रेक्षकांना पटणार नाही. तुमच्या प्रस्तावात त्याचं कारण कुठेच दिलेलं नाही. काहीतरी पटेल असं सुचवाल का? दोन ओळी पुरेत."

गुरुजींनी प्रस्ताव पुन्हा काढून पाहिला. खरंच, कारण कुठे नव्हतं. बावीस वर्षं ते हा प्रस्ताव पाठवत होते. तालुक्याने शंभर त्रुटी काढल्या होत्या, पण ही कधी काढली नव्हती आणि त्यांनाही ती दिसली नव्हती. ज्यांच्या जिवावर निवड झाली त्यांना निदान विचारावं, म्हणून त्यांनी आसारामांना फोन लावला. मागून ऊस तोडल्याचा आणि पाचटाचा आवाज येत होता. गुरुजींनी अडखळत, निम्मं गिळत सगळं सांगितलं.

"आसं व्हय," आसाराम म्हणाले. "म्हंजी आमी टीव्हीत यनार?"

"तसंच म्हना. पर कारन लागतंय."

"थांबा, इचारतो." आणि फोन तोंडापासून न काढताच ते ओरडले, "आरं ये! गुरुजी इचारत्यात, आपुन घर सोडून हितं कावून आलाव?"

कोयत्यांचा आवाज थांबला. मग एकजण हसला, मग एक बाई, मग अख्खा फड. इतकं मोकळं हसणं गुरुजींनी कुठल्याही पंगतीत ऐकलं नव्हतं. हसणं ओसरायला बराच वेळ लागला. मग पुन्हा कोयते सुरू झाले.

"गुरुजी," आसाराम फोनवर आले. त्यांचा आवाज अजून हसरा होता, आणि त्यात राग शोधूनही सापडत नव्हता. "आमाला तर काय सुचंना बगा. तुमी कल्पना लढवनारी मानसं. तुमीच कायतरी पटंल आसं लिवा."