माशी बसवायला घण

एका जंगलात एक पिस्तूल होतं. हसू नका. तुमच्या घरात चार मोबाईल आहेत आणि बोलायला कुणी नाही, त्याला कुणी हसतं का? मग जंगलात एक पिस्तूल असलं तर काय बिघडलं?

नीट बसा. मांडी घाला. गोष्ट लहान आहे, पण मध्ये उठलात तर पुन्हा सांगणार नाही.

तर ते पिस्तूल असायचं हौसाक्काकडे. हौसाक्का म्हणजे मुंगूस. बंधाऱ्यावर पाखरांची वसाहत होती, तिची ती राखणदार. साप आला की अंडी वाचवायची, एवढंच काम. आधी ती साप दातानं मारायची. एका झटक्यात. मग दरबाराला वाटलं, हे बरं दिसत नाही, बाहेरचे पाहुणे येतात. म्हणून तिला पिस्तूल दिलं आणि दातांना बंदी केली. साप खूश झाले.

नोकरीबरोबर बीळही मिळालं होतं. बंधाऱ्याच्या पोटात, कोरडं, दोन खोल्यांचं. तिथे हौसाक्काची चार पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेले. बाप कुठे होता विचारू नका. असतो कुठेतरी.

दर दसऱ्याला राखणदाराची परीक्षा व्हायची. वीस पावलांवर फांदीला तीन कवठं टांगायची. तीन गोळ्या, तीन कवठं. एक चुकलं तरी नोकरी गेली आणि बीळही गेलं.

त्या नोकरीवर तरसाचा डोळा होता. तरस हा महाराजांचा मेहुणा. महाराज वाघ. वाघाचा मेहुणा तरस कसा, असं विचारायचं नाही. राजघराण्यात असतं तसं.

नवरात्राच्या आधी तरसानं फोटो काढायला पिस्तूल मागून नेलं. एका पायावर उभा राहिला, पिस्तूल आकाशाकडे धरलं, आणि तोल जाऊन खडकावर आपटला. त्याला काही झालं नाही. पिस्तुलाची माशी वाकली.

आता माशी म्हणजे काय ते ऐका. पिस्तुलाच्या तोंडाशी वरच्या बाजूला एक बारीक दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. पाठीमागे एक खाच असते. खाचेतून बघायचं, माशी मधोमध आणायची, माशीवर कवठ ठेवायचं आणि चाप दाबायचा. माशी वाकली उजवीकडे, तर गोळी जाते डावीकडे.

हौसाक्कानं एक गोळी मारून बघितली. गोळी दोन हात डावीकडे गेली. तिकडे एक कासव बसलं होतं, ते अजून बोलत नाही.

हौसाक्का तडक दरबारात गेली.

"महाराज, माशी बदलावी लागेल. नाहीतर मी परीक्षेत नापास होणार."

"बदला की," महाराज म्हणाले. "त्यात काय?"

नवी माशी आली. डबीत, कापसात गुंडाळून. आता प्रश्न आला की जुनी काढायची कशानं आणि नवी बसवायची कशानं.

दरबाराबाहेरच्या उंबरावर केरूमामा बसला होता. केरूमामा म्हणजे तांबट पक्षी. दिवसभर टुक टुक करणारा, हिरवा, कपाळावर लाल टिकली. हत्यारांचं त्याला कळायचं. तो वरूनच बोलला.

"पितळेची कांडी घ्या. बोटाएवढी. एक हलकी हातोडी. पिस्तूल चामडं लावून शिकंज्यात धरा. बाजूनं टुकटुक मारा. जुनी सरकेल, नवी बसेल. एका डुलकीएवढं काम."

"पितळ?" हत्ती हसला. "पितळ तर मऊ असतं."

"म्हणूनच," केरूमामा म्हणाला. "ठेच कांडीला बसते, पिस्तुलाला बसत नाही."

"म्हणजे आपलंच हत्यार ठेचून घ्यायचं? आणि हे आम्हाला शिकवणार कोण, तर तांबट!"

सगळा दरबार हसला. मग महाराजांनी हत्यार-निवड समिती नेमली. हत्ती अध्यक्ष. मोर आणि माकड सभासद. तिघांनीही आयुष्यात पिस्तूल हातात धरलं नव्हतं, म्हणून ते निःपक्षपाती होते.

पहिल्या बैठकीत केळी आली. दुसऱ्या बैठकीत मोरानं चित्र दाखवलं. छत्तीस हत्यारांची पेटी, आत लाल मखमल.

"याच्यात माशी बसवायचं हत्यार कोणतं?" हौसाक्कानं विचारलं.

"बाई, मखमल बघा ना," मोर म्हणाला.

माकड म्हणालं, "पकड घ्या. पकडीनं सगळं होतं. मी पकडीनं दात काढलेत."

"कुणाचे?"

"ते महत्त्वाचं नाही."

तिसऱ्या बैठकीत हत्तीनं टेबलावर पाय ठेवला. टेबल गेलं. हत्ती म्हणाला, "नियम सोपा आहे. हत्यार कामापेक्षा कडक पाहिजे. घण आणा. पोलादी छिन्नी आणा. विषय संपला."

"अहो साहेब, हरभऱ्याच्या दाण्याएवढी माशी आहे," हौसाक्का ओरडली. "तिला घण?"

"लहान कामाला लहान हत्यार वापरलं, तर काम लहान दिसतं," हत्ती म्हणाला. माकडानं हे वाक्य लिहून घेतलं.

मग प्रात्यक्षिक झालं. एका जुन्या लोखंडी कडीवर छिन्नी ठेवली आणि हत्तीनं सोंडेनं घण घातला. छिन्नी घसरली, कडी पिचली आणि खाली दगडात वीतभर चर पडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आता टाळ्या का वाजल्या ते सांगते. या जंगलात ओरखडा म्हणजे सही. वाघ झाडावर नखं ओढतो, अस्वल सालीवर ओढतं, हत्ती सुळ्यानं खोड सोलतो. मग कळतं, इथे कुणीतरी मोठं येऊन गेलं. ज्याचा ओरखडा दिसत नाही तो आलाच नव्हता, असं धरतात. चर बघून महाराज गहिवरले.

"याला म्हणतात काम!" ते म्हणाले.

हौसाक्का दगडाकडे बघत राहिली. तिला त्या चरात आपलं बीळ जाताना दिसलं.

खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. घणाला हळदकुंकू लावलं, छिन्नीला झेंडूची माळ घातली. पिस्तूल पाटावर ठेवलं. घण नुसता पिस्तुलाजवळ नेला, नारळ फोडला आणि समितीनं कागदावर लिहिलं, "काम पूर्ण." मग सगळे पुरणपोळ्यांवर बसले.

"अहो, पण माशी?" हौसाक्कानं विचारलं. "ती वाकडीच आहे अजून."

"हत्यार निवडलं ना?" मोर म्हणाला.

"निवडलंत. ठोकणार कोण?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांनी दुसरी पोळी उचलली. "आमचं काम निवडायचं. ठोकायचं आमच्या कामात येत नाही. घण इथे आहे. घेऊन जा."

घण हौसाक्काच्या दसपट होता. तिनं ओढून बघितला. हलला सुद्धा नाही. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तरस तिच्या बिळापाशी उभा राहून पडद्याला किती कापड लागेल ते पावलांनी मोजत होता.

"ए तरसा, सरक तिथून!"

"ताई, मोजतोय फक्त. राग कशाला?"

"पोरं झोपलीत माझी. सरक, नाहीतर दातांची बंदी विसरेन मी."

तरस सरकला. दुपारी पुरणपोळी खाऊन सगळा दरबार आडवा झाला. हौसाक्कानं पिस्तूल आणि नव्या माशीची डबी पदराखाली घेतली आणि उंबर गाठला.

"मामा."

"ये. वाट बघत होतो. आधी रिकामं कर. एकदा बघ. आता पुन्हा बघ. मी पण बघतो."

त्यांनी बघितलं. पिस्तूल रिकामं होतं. मग केरूमामानं शिकंजा काढला. त्याच्या दोन्ही जबड्यांना जुन्या चपलेचं चामडं लावलेलं. त्यात पिस्तूल धरलं, आवळलं, पण पिळलं नाही. पितळेची कांडी माशीच्या बुडाला टेकवली. टुक. टुक. टुक. जुनी माशी डावीकडून उजवीकडे सरकली आणि खाली पडली.

नवी माशी जुनीच्या खोबणीत शिरेना.

"खोबण घासायची का?" हौसाक्कानं विचारलं.

"खोबण घासायची नाही कधी. खोबण पिस्तुलाची, जन्माची. माशी काय, दुसरी मिळेल. माशीचा पाय घासायचा." केरूमामानं बारीक कानशीनं दोन हात मारले, घालून बघितलं, आणखी एक हात मारला. मग जुनी निघाली त्याच वाटेनं नवी माशी आत गेली. टुक. टुक. त्यानं नळीवर दोरा ताणून मध्य बघितला आणि हौसाक्काच्या हातात पिस्तूल दिलं.

हौसाक्कानं उलटसुलट करून बघितलं. कुठे ओरखडा नाही. कुठे चरा नाही. जणू माशी जन्मापासून तिथेच होती. कांडीचं टोक मात्र चेपून पसरलं होतं.

"मामा, तुमची कांडी गेली."

"ती त्याच्यासाठीच असते. घासली की पुन्हा सरळ."

दसऱ्याच्या सकाळी मैदान भरलं. फांदीला तीन कवठं. महाराज गादीवर. तरसानं नव्या नोकरीसाठी कंगवा फिरवून घेतला होता.

हौसाक्का वीस पावलांवर उभी राहिली. खाचेतून बघितलं. माशी मधोमध. पहिलं कवठ फुटलं. दुसरं फुटलं. तिसऱ्याचा गर महाराजांच्या मिशीवर उडाला. त्यांनी चाटून बघितला. "पिकलंय," म्हणाले.

पाखरांनी कल्ला केला. हौसाक्कानं श्वास सोडला. झालं, तिला वाटलं.

"थांबा!" तरस पुढे आला. "पिस्तूल बघू द्या." त्यानं बघितलं, हुंगलं आणि ते उंच धरलं. "महाराज, याच्यावर घणाची खूण नाही! छिन्नीची खूण नाही! म्हणजे समितीचं हत्यार वापरलंच नाही. कुणाच्या परवानगीनं दुसरं वापरलं? हा दरबाराचा अपमान आहे. बाईला काढा!"

हत्ती दुखावला. त्याचे कान खाली पडले. "आमचा घण... नुसता पडून राहिला?"

"तीन कवठं फुटलीत की हो!" एक पाखरू ओरडलं.

"कवठांचं काय घेऊन बसलात?" महाराज गुरगुरले. "खूण कुठे आहे? हौसाक्का, काम झालंय तर खूण का नाही?"

उंबरावर केरूमामानं चोच मिटली. त्याचं नाव घेतलं तर तोही जाणार. नाव नाही घेतलं तर बीळ जाणार. चार पिल्लं बंधाऱ्यावर ओळीनं बसून आईकडे बघत होती. हौसाक्कानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा हत्तीच्या कानांकडे. मग कमरेवर हात ठेवले.

"खूण करायची राहिलीये, महाराज," ती खणखणीत म्हणाली. "मुद्दाम ठेवली. एवढ्या मोठ्या घणाची खूण मी एकटीनं कोपऱ्यात उमटवायची? म्हटलं, सगळ्यांसमोर होऊ दे. अध्यक्षांच्या सोंडेनं."

हत्तीचे कान हळूच वर आले आणि तो पूजेचा घण नि छिन्नी घेऊन आला.

हौसाक्कानं पिस्तूल रिकामं केलं, दोनदा बघितलं. लाकडी मुठीचे स्क्रू सोडवून मूठ तेवढी वेगळी केली आणि दगडावर ठेवली. तिच्यावर छिन्नी उभी केली. "मारा साहेब. हा शेवटचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा ठोका."

हत्तीनं घण घातला. मूठ मधोमध फाटली, वरून खालपर्यंत. मैदान दुमदुमलं. महाराज उठून उभे राहिले. मोरानं पिसारा फुलवला. माकड म्हणालं, "बघा, किती खोल!" हौसाक्कानं फाटकी मूठ सुतळीनं बांधून पिस्तुलाला लावली आणि दोन्ही हातांनी वर धरली. नोकरी राहिली. बीळ राहिलं. तरस कंगवा खिशात घालून घरी गेला.

समितीचा सत्कार झाला. तेव्हापासून त्या जंगलात जे दुरुस्त होतं, ते आधी थोडं फोडतात.

गर्दी पांगल्यावर केरूमामा खाली आला. त्यानं फाटक्या मुठीवर चोच फिरवली.

"हौसे, चांगल्या कामाची वाट लावलीस गं."

"काम शाबूत आहे, मामा. मूठ गेली. तुमचं काम इतकं चांगलं होतं की माझी नोकरी खात होतं."

मुठीला लागेल एवढं शिसवीचं लाकूड शोधायला केरूमामा उडून गेला.

तात्पर्य : बाळांनो, हत्यार नेहमी योग्य निवडा आणि काम इतकं स्वच्छ करा की हात लागल्याचंही कुणाला कळू नये. मग शेजारीच, जिथे नुकसान होणार नाही अशा जागी, एक भला मोठा ओरखडा पाडा आणि तो साहेबांच्या नावावर करा. तेवढं शेवटचं विसरलात तर आधीचं सगळं वाया गेलं म्हणून समजा.