माशाचं तोंड कोणीकडे?

पुलगावच्या आमच्या शाळेला मुंबईहून कोणीतरी औषधाच्या पाण्यातला एक मासा बाटलीबंद करून भेट पाठवला. हेडमास्तर भैय्याजींनी विचारलं, "हा कोण ओळखेल?" मी हात वर केला. (मराठीचा हंगामी मास्तर मी, कायम करणार असतील तर मगरसुद्धा ओळखली असती.) सोमवारी डेप्युटीसाहेब तपासणीला येणार होते. ते खूश झाले, तर विज्ञानाची कायम जागा माझी, असं भैय्याजी बोलून गेले होते.

बाटली घरी आणली. चिठ्ठीवर 'प्रवाळातला मासा' एवढंच. तळव्याएवढा, चपटा, पिवळा. एका टोकाला ठसठशीत काळा डोळा, दुसरीकडे नुसता काळा पट्टा आणि पुढे निमुळती शेपूट. यात ओळखायचं ते काय!

माझी बायको सुलोचना भाकरी थापता थापता म्हणाली, "तोंड तं पट्ट्याकडून दिसून राह्यलं."

"तू मासे कधी पाहिलेस?"

"नाई पाह्यले. पण नऊ वर्सांपासून तुमाले जेवताना पाहून राह्यली ना मी! तोंड समजते मले."

वर्धा नदीचे मासे विकणारी जिजा दारावरून चालली होती. सुलोचनाने तिलाच साक्षीला बोलावलं. जिजाने बाटली फिरवली.

"डोयाले काय पाहता गुरुजी? कल्ले पाहा. कल्ला उचलूनच आमी मासा ताजा का शिळा ते सांगतो. कल्ले पट्ट्यापाशी हायेत, मंग तोंड बी तिकडंच."

"जिजाबाई, हा समुद्रातला आहे. तिथे तुमच्या नदीचे कायदे चालत नाहीत."

ती हसत गेली. मी झोकात तक्ता रंगवला. डोळ्याकडे बाण: 'मुख'. त्यापुढच्या पंख्यासारख्या पसरट टोकाला: 'जाळीदार ओठ'. (हे नाव मला फारच आवडलं होतं.)

सोमवारी डेप्युटीसाहेबांनी तक्ता दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"मास्तर, हा फुलपाखरू मासा. याचा खरा डोळा पट्ट्यात लपलेला असतो. शेपटीपाशी असतो तो खोटा. मोठा मासा भलत्याच टोकावर झडप घालतो आणि हा सटकतो. तुमच्या ओठांनी तो पोहतो!"

सगळा वर्ग हसला. जागा गेली. घरी येऊन सुलोचनाला सगळं सांगितलं, तेव्हा रडायचंच बाकी होतं. तिने पाण्याचा गडू पुढे केला आणि विचारात पडली.

"मोठा मासा फसते ते समजलं. त्याले याले खायाचं असते," ती म्हणाली. "पण तुमी काऊन फसले? तुमी तं मासे खातच नाई!"