वेणूबाईचे पोट आणि पाच सालांची चाळणी यांची बखर

श्रीधन्वंतरीस आणि श्रीशारदेस दंडवत घालोन, आणि ज्यांचे कागद आता कोणी उघडीत नाही त्या समस्त जुन्या लेखकांचे स्मरण करोन, हे वर्तमान लिहावयास घेतले. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी समुद्रतीरी एक राज्य नांदत होते. राज्यास तट नव्हता, फाटक होते, आणि फाटकावर पहारेकरी आणि रुग्णांचे नातलग यांची बाचाबाची अष्टौप्रहर चाले. आत सात सुभे आणि सातशे खाटा. रयत त्यास मोठा दवाखाना म्हणे. गादीवर वैद्यराज व्यंकटराव हुपरीकर विराजमान होते. विद्या थोर, हात सफाईचा, अंतःकरण वाईट नव्हे. परंतु एकदा शब्द तोंडातून गेला म्हणजे तो परत घेणे त्यांस दात काढून घेण्याहून अवघड वाटे.

पूर्वी या राज्यात कोण्या रोगाचा ठाव लागेना तर वैद्यांनी जिना उतरोन ग्रंथशाळेत यावे, जाडजूड खंड काढावे, धुळीने शिंकावे आणि लेख शोधावे ऐसी रीत होती. मग सातासमुद्रापलीकडील विद्वानांनी जगातील वैद्यकीय लेखांची एक अफाट याद करोन आंतरजालावर ठेविली, आणि ती याद पुढे मोबाईलवर उतरली, तेव्हां व्यंकटरावांस परमसंतोष जाहला. खाटेपाशी उभे राहावे, अंगठ्याने दोन शब्द लिहावे, आणि देशोदेशींचे लेख तळहातावर यावे, यापरते सुख ते कोणते! मग त्यांनी हुकूम काढिला की, वैद्यक दर सालास बदलते, पाच सालांवरचा लेख म्हणजे शिळी भाकर, सबब सर्व शिष्यांनी आपापल्या मोबाईलवर पाच सालांची चाळणी लावोन ठेवावी, म्हणजे जुने ते आपोआप गळोन पडेल. शिष्यांनी चाळणी लाविली आणि पुढे विसरोन गेले. मोबाईलचा पडदा तो तळहाताएवढा. चाळणी लागली आहे ऐसी बारीक ओळ एका कोपऱ्यात दडे, ती कोणी पाहीना. आणि ग्रंथशाळा आता ओस, म्हणोन तेथे सलाईनची खोकी रचिली. खोक्यांचे पलीकडे एक मेज, एक खुर्ची, आणि खुर्चीवर दफ्तरदार लीलाबाई बोंद्रे.

लीलाबाई या राज्यात एकतीस साल चाकरीस होत्या. बोलणे थोडे, तेही तिखट. खोकी आली तेव्हां त्या इतकेच म्हणाल्या की, "बरं झालं, धूळ बसायला नवीन जागा मिळाली." परंतु त्यांस वाईट वाटले होते, हे लिहिणे भाग आहे. त्यांचे हाती एकच अधिकार उरला होता, तो शिक्क्याचा. व्यंकटरावांपूर्वी गादीवर होते त्या थोरल्या वैद्यराजांचे काळापासोन ऐसा दंडक की, रोग न कळता कोणाचे पोट उघडावयाचे तर आधी 'वाङ्मय धुंडाळिले, आढळ नाही' ऐसा कागद रुग्णाचे फाइलीत लागावा, आणि त्यावर दफ्तराचे मोर्तब असावे. अलीकडे तो कागद छापील येई, मोर्तब होई, आणि काम पुढे चाले.

त्या भाद्रपदात वेणूबाई तांडेल नामे कोळीण, वय पन्नास, पोटशुळाने बेजार होऊन दाखल जाहली. शूळ ऐसा की गुडघे पोटाशी घेऊन बाई खाटेवर गोळा होई, आणि घटकाभराने मोकळी होऊन चहा मागे. अंग फिकट, शौचास चार चार दिवस नाही. यंत्रातून चित्रे काढिली, निर्मळ. दुर्बीण घातिली, निर्मळ. मग व्यंकटरावांनी खाटेपाशी खासा मोबाईल काढिला, कोळी समाज, पोटशूळ ऐसे शब्द इंग्रजीत लिहिले आणि शोध केला. उत्तर आले शून्य. मग ते सर्वांदेखत बोलिले, "जगाच्या वाङ्मयात नाही. उद्या दहा वाजता पोट उघडू." शस्त्रक्रियेच्या सुभ्यास वर्दी गेली, आणि वेणूबाईस उपाशी राहावयास सांगितले.

दोन प्रहरी शिष्या रेवती काटकर छापील कागद घेऊन खोक्यांतून वाट काढीत लीलाबाईंपाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, फक्त शिक्का हवा होता."

लीलाबाईंनी शिक्का उचलिला, शाईचे गादीवर टेकविला, आणि काय मनात आले कोण जाणे, तैसाच धरोन विचारले, "शोध कुणी केला?"

"सरांनी. स्वतः. झिरो रिझल्ट्स."

"झिरो? अगं, या यादीत कोट्यवधी लेख आहेत. शेंगदाणे खाऊन उचकी लागली तरी दोन लेख सापडतात. बाई करते काय?"

रेवतीने फाइल उलगडोन पाहिले. "गृहिणी लिहिलंय."

"कोळीवाड्यातली बाई आणि नुसती गृहिणी? कुणी विचारलं होतं तिला?"

मग लीलाबाईंनी फाइल ओढोन घेतली आणि मागची पाने चाळिली, तो दिसले की हीच बाई गत साली दाखल होती आणि त्याआधीचे सालीही होती. दोन्ही वेळा भाद्रपदाचे सुमारास, आणि दोन्ही वेळा पंधरवड्यात बरी होऊन गेली. तेव्हां लीलाबाईंनी शिक्का खाली ठेविला, मेजास कुलूप घातिले, आणि एकतीस सालांत प्रथमच खाशी स्वारी ग्रंथशाळा सोडोन खाटांकडे निघाली. रेवती मागोमाग. मार्गात परिचारिका चकित जाहल्या आणि एकमेकींस खुणावू लागल्या.

वेणूबाई कुशीवर निजली होती. लीलाबाई खाटेचे कडेस बसल्या आणि म्हणाल्या, "वेणूबाई, मी डॉक्टर नाही. पुस्तकांचं काम करते. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करनार बाय, जाळी नीट करायची. नवीन जाळी, जुनी जाळी. समद्या वाड्याची माज्याकडंच येतात. माजा हात साफ."

"जाळं पाण्यात बुडतं कशानं?"

"शिशाच्या गोळ्या असतात ना खालच्या दोरीला. शिसं आमी घरीच वितळवतो, चुलीवर. मंग गोळी दोरीला लावायची आनि दाबायची."

"कशानं दाबायची?"

वेणूबाईने तोंड उघडोन पुढील दात दाखविले, तो दातांस मधोमध खाच पडली होती. "हे काय. दातानं. कट्ट करून बसते. औंदा नारळी पुनवंपर्यंत हजारेक तरी बसवल्या असतील." आणि हे सांगता तिजला अभिमान वाटला तो तिचे मुद्रेवर स्पष्ट दिसला. मग एकाएकी मुद्रा उतरली आणि तिने लीलाबाईंचा हात धरिला. "बाय, उद्या पोट कापनार म्हनतात. माजी बहीन अशीच आत गेली ती आलीच नाय. मला लई भ्या वाटतंय."

लीलाबाईंसही ते समयी भय वाटले. परंतु हात सोडविला नाही. दुसरे हाताने रेवतीस खूण केली आणि म्हणाल्या, "काढ तुझा मोबाईल. शिसं, विषबाधा, मासेमारीचं जाळं, एवढं लिही." रेवतीने लिहिले. शून्य. "खाली सरक. अजून खाली. ती बारीक ओळ वाच."

रेवतीने वाचिले आणि ओशाळली. "फाइव्ह इयर्सचा फिल्टर लागलाय. सरांनी लावायला सांगितला होता."

"काढ तो."

चाळणी निघाली, आणि पडदा क्षणभर पांढरा राहिला, आणि मग एक लेख आला. फक्त एकच. 'जाळी सांधणाऱ्या स्त्रियांमधील शिशाची बाधा, अकरा रुग्ण', ऐसे त्याचे इंग्रजी नाव. साल इसवी एकोणीसशे चौऱ्याऐंशी. सारांश उपलब्ध नाही. आणि लेख जेथून निघाला त्या दवाखान्याचे नाव वाचिले तो दोघी एकमेकींकडे पाहात राहिल्या, कारण ते याच राज्याचे नाव होते, आणि लेखक म्हणोन थोरले वैद्यराज, ज्यांनी मोर्तबाचा दंडक घातिला तेच.

मोबाईलवर नुसते नाव, आत काय लिहिले ते नाही. तो खंड ग्रंथशाळेतच असणार, हे लीलाबाई जाणत होत्या, आणि कोणत्या भिंतीस तेही जाणत होत्या. मग परत येऊन दोघींनी सलाईनची बावीस खोकी हलविली. रेवतीची ओढणी खिळ्यास अडकोन फाटली, लीलाबाईंची कंबर धरली, आणि अखेर खंड हातास लागला. त्यात लिहिले होते की, शूळ येतो आणि जातो, पोट उघडिले असता आत काही सापडत नाही, आम्ही पहिल्या दोघींचे उघडिले त्याचा पश्चात्ताप आहे. हिरड्यांवर निळी रेघ असते, परंतु या स्त्रिया मिश्री लावितात, तिचे काळेपणाखाली रेघ दडते, सबब आधी मिश्री पुसोन काढावी आणि मग पाहावे.

दुसरे दिवशी सकाळी नऊ वाजता वैद्यराजांची स्वारी फेरीस निघाली, शिष्य दुतर्फा, आणि वेणूबाईचे खाटेपाशी दफ्तरदारीण खंड पोटाशी धरोन उभी. व्यंकटरावांनी भुवई उचलिली. "लीलाबाई? तुम्ही इकडे? सर्टिफिकेट झालं ना?"

"नाही झालं, सर. आढळ आहे." आणि खंड पुढे केला.

व्यंकटरावांनी साल पाहिले आणि खंड मिटला. "चौऱ्याऐंशी! लीलाबाई, पाच वर्षांवरचं आपण ग्राह्य धरत नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"सर, बाईंचं वय पन्नास आहे. त्या तरी ग्राह्य आहेत ना?"

शिष्यमंडळींत कोणी खोकला, कोणी पायाकडे पाहू लागला, आणि वैद्यराजांचे कान लाल जाहले. ते काही कठोर बोलणार तो वेणूबाई खाटेवरोन क्षीण स्वरे म्हणाली, "साहेब, बघा ना येकदा. बघायला काय जातंय?" हे ऐकोन ते थांबले. मग काय जाहले ते त्यांचे त्यांस ठाऊक, परंतु हात पुढे करोन त्यांनी कापूस मागितला, ओला केला, आणि शिष्यांस सांगण्याऐवजी खाली वाकोन आपले हाताने त्या बाईच्या हिरड्या पुसू लागले. एक बोळा काळा जाहला, दुसरा काळा जाहला, तिसरा मातकट निघाला, आणि दातांचे मुळाशी निळी बारीक रेघ, पेन्सिलीने ओढावी तैसी, उघडी पडली. व्यंकटराव बहुत वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन बोलिले, "तीन वर्षं हे तोंड मी बघतोय. मिश्री दिसली, हिरडी बघितली नाही. ऑपरेशन रद्द करा. रक्त शिशासाठी पाठवा." इतके बोलोन पुढील खाटेकडे गेले, आणि त्या दिवशी आणखी कोणास रागे भरले नाहीत.

चार दिवसांनी रक्ताचा जबाब आला, त्यात शिसे बेसुमार. औषध सुरू जाहले, शूळ उतरला, आणि वेणूबाई आपले पायांनी घरी गेली. हुकमातही दुरुस्ती जाहली ती ऐसी की, चाळणी असू द्यावी, परंतु शून्य आल्यास ती काढोन पुनः पाहावे, आणि रुग्ण काय काम करितो ते त्याचेच तोंडून विचारावे. सलाईनची खोकी मात्र जागची हलली नाहीत. भिंतीपासोन हातभर पुढे ओढली, इतकेच.

दीड महिन्याने वेणूबाई तपासणीस आली, ती सुकटीची पुडी घेऊन ग्रंथशाळेतच शिरली. रेवती तेथेच होती. तिने या बाईसाठी बाजारातोन एक लोखंडी पकड आणविली होती, ती हाती देऊन म्हणाली, "मावशी, आता गोळी दातानं नाही दाबायची. हिनं दाबायची. आणि शिसं वितळवायचं ते बाहेर, चुलीवर नाही."

वेणूबाईने पकड उलटसुलट पाहिली आणि खळखळोन हसली. "अगो पोरी, अशीच हाय माज्या घरात. सासूची. चुलीपाशी खुंटीला टांगलेली. गरम टोप उतरवायला घेतो आमी."

लीलाबाईंनी विचारले, "सासूबाईंना कुणी दिली?"

"हितल्याच डाक्टरनं म्हनं. सासू सांगायची, दवाखान्यातली पकड हाय, हरवू नका. म्हनून जपली. कशाला दिली ते कुनी इचारलंच नाय."

वेणूबाई गेली तेव्हां लीलाबाईंनी खंड पुनः काढिला आणि अकरा रुग्णांची याद बोट ठेवीत वाचिली. सातवा रुग्ण, स्त्री, वय एकेचाळीस, आडनावाचे आद्याक्षर त, वाडा तोच. शेवटल्या रकान्यात लिहिले होते: पकड दिली, वापर समजाविला. लीलाबाईंचे डोळे भरोन आले. रेवती पाहात होती, तरी त्यांनी ते पुसले नाहीत.

येणेप्रमाणे वर्तमान घडले. राज्याने कागद अडतीस साल जपिला आणि घराने पकड अडतीस साल जपिली, आणि दोहींचे कारण दोन्हीकडे कोणास ठाऊक नव्हते. मोर्तबाचा तो छापील कागद लीलाबाईंचे मेजावर बिनशिक्क्याचाच पडोन आहे. वेणूबाईचे पोट शाबूत आहे.