कुठला चौक, बाद्री?

ओतारची शवपेटी गाडीत चढली, तरी चौकाचं नाव ठरेना. त्याची बायको लामारा, तिची एकच मागणी होती: दफनाआधी गाडी घटकाभर त्या चौकात थांबवायची. लग्नाआधी दोघं तिथेच भेटायची. चौक घरापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून ती बायकांना घेऊन पायीच पुढे गेली.

"मजूर चौक सांग," शेजारचा म्हातारा शालवा म्हणाला.

"ते नाव तुमच्या दातांबरोबरच गेलं, काका," ओतारचा धाकटा भाऊ बाद्री म्हणाला आणि त्याने ड्रायव्हरला सांगून टाकलं, "मैत्री चौक!"

आमच्या कुताइसीत सरकार बदललं की आधी पाट्या बदलतात. खड्डे तेवढे जुनेच राहतात. त्या चौकाचा केव्हाच स्वातंत्र्य चौक झाला होता. उतरलेलं 'मैत्री' हे नाव वाया जाऊ नये म्हणून ते नदीपलीकडच्या टायर बाजाराला देऊन टाकलं होतं. ड्रायव्हर परगावचा, पाटी वाचून चालणारा. बाद्री मागच्या गाडीत रडत बसलेला. त्याने डोळे पुसून वर पाहिलं, तर चहूकडे टायरच टायर.

दुकानदारांनी टोप्या काढल्या. "कोण गेलं हो?"

"माझा थोरला भाऊ."

लगेच वाइनची सुरई आली. मेलेल्याच्या नावाने पुढे केलेला पेला अख्ख्या जॉर्जियात कोणी परत करत नाही. ओतारला जन्मात न पाहिलेली माणसं त्याच्या थोरवीवर बोलत सुटली. आणि बाजारात दुकानं पुष्कळ होती.

तेवढ्यात फोन वाजला. "कुठं आहात?" लामाराने विचारलं.

"चौकात, वहिनी!"

"मी पण चौकातच उभी आहे. इथं कबुतरांशिवाय कोणी नाही."

गाडी लामाराच्या चौकात पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पाद्री दफनभूमीत ताटकळत होता. बाद्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो, वहिनी. तुम्ही दोघं ह्या चौकाला काय म्हणायचात, एवढं जरी विचारलं असतं..."

"काहीच नाही रे. तो म्हणायचा, 'तिथं ये.' मी जायची. पाट्या किती बदलल्या, आमची चुकामूक कधी झाली नाही."

तिने शवपेटीवर हात ठेवला आणि तिला रडू आवरेना.

"आता मी 'तिथं' म्हटलं, की जो तो मला पत्ता विचारणार, बाद्री."