आत्माराम इथं राहत नाही

हवालदार वाडीत आले त्या दिवशी आत्माराम सुतार नेमका घरी नव्हता. संगमेश्वरला एका नव्या घराच्या चौकटी बसवायला तो सकाळच्या एसटीनं गेला होता.

हवालदार आले होते ते त्याच्या पासपोर्टच्या चौकशीला. मस्कतला सुतार हवेत, असं खेडच्या एका मुकादमानं सांगितल्यावर आत्मारामनं गुपचूप अर्ज केला होता. वाडीत बोलला नाही, कारण ठरलेलं काम बोलून फिसकटतं अशी त्याची समजूत होती. ठाऊक होतं ते फक्त त्याच्या बायकोला, तुळसाला. पण आपण कोण हे आपलं आपण सांगून सरकारला चालत नाही. ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावं द्यावी लागतात. आत्मारामनं महिपत आणि भिकाजी यांची दिली, आणि त्यांना ते सांगायचं राहूनच गेलं.

हवालदार आधी महिपतच्या अंगणात उभे राहिले आणि आत्मारामला ओळखता का, असं विचारलं. महिपतला आधी साग आठवला. मागच्या वर्षी त्यानं आणि आत्मारामनं मिळून बांधावरचा एक साग परवानगीशिवाय पाडला होता. त्या सागाची दारं महिपतच्या घराला लागली होती आणि हवालदार त्यातल्याच एका दाराला टेकून उभे होते.

"आत्माराम? नाय बा," महिपत म्हणाला. "त्या नावाचा कोण नाय हितं."

त्यानं अर्जात तुमचं नाव दिलंय, असं हवालदारांनी सांगितलं. त्यावर महिपतनं, हल्ली कोणीही कोणाचंही नाव देतं, दिवस वाईट आहेत, असं गंभीरपणे सांगून टाकलं.

भिकाजी म्हातारा हे पलीकडच्या पडवीतून ऐकत होता. साग ओढायला तोही होता. महिपतची बाजू लंगडी पडतेय असं वाटून तो काठी टेकत आला आणि म्हणाला, आत्माराम नावाचा एक होता पूर्वी, पण तो मेला. कशानं, असं हवालदारांनी विचारलं. भिकाजीनं क्षणभर विचार केला आणि त्याला पुरात बुडवला.

हवालदारांनी तेही लिहून घेतलं. शेवटी अर्जावरच्या घर नंबरावरून ते आत्मारामच्या दाराशी गेले. तुळसा बाहेर आली. तिनं त्यांना पाणी दिलं, सोबत गुळाचा खडा दिला. पासपोर्टची चौकशी आहे, आत्माराम इथंच राहतात ना, असं त्यांनी विचारलं. तुळसानं पदर सारखा केला.

"नाय," ती म्हणाली.

संध्याकाळी आत्माराम परतला, तेव्हा महिपतनं त्याला वाटेतच गाठून, आज तुला वाचवला, म्हणून पाठीवर थाप मारली. सगळं ऐकून आत्माराम तिथंच वाटेकडेच्या दगडी गडग्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी तो चौकीत गेला आणि आपणच आत्माराम असल्याचं सांगू लागला. हवालदारांनी कागद काढला. ओळखीची खूण, डाव्या अंगठ्यावर सुतारकामाची पटाशी लागल्याचा व्रण. आत्मारामनं अंगठा पुढे केला. हवालदारांनी तो उलटसुलट पाहिला आणि व्रण बरोबर असल्याचं मान्य केलं.

"पण आत्माराम मयत आहे," ते शांतपणे म्हणाले. "मयताच्या नावावर परदेशात जायला बघणारा तू कोण, हे आता मला शोधायला हवं."

 आत्मारामनं साग सोडून बाकी सगळं सांगितलं. तो रडकुंडीला आलेला पाहून हवालदार नरमले आणि पुन्हा चौकशीला यायला कबूल झाले.

या खेपेला वाडी तयार होती. महिपत म्हणाला, आत्माराम म्हणजे आमचा आतू, हे त्या दिवशी डोक्यातच आलं नाही, कारण त्याला जन्मात कोणी आत्माराम म्हटलेलं नाही. भिकाजीनं बुडालेला आत्माराम वेगळा, तो बायकोकडून लांबचा नातेवाईक, असा खुलासा केला आणि त्याच्या आठवणीनं डोळेही पुसले. हवालदारांनी दोघांकडे बराच वेळ पाहिलं, मग लिहून घेतलं. तुळसाला त्यांनी नवरा समोर उभा करून विचारलं, हेच का ते? तिनं मान डोलावली.

पाऊस संपता संपता पासपोर्ट आला. दिवाळीनंतर निघायचं ठरलं. वाडीतली माणसं तो हातात घेऊन पाहून गेली. महिपतनं तर फोटोशी आत्मारामचं तोंड ताडून पाहिलं.

सगळे गेल्यावर आत्माराम पासपोर्ट उघडून पडवीत बसला. तुळसा सुपात तांदूळ निवडत होती. इतके दिवस मनात ठेवलेली गोष्ट त्यानं अखेर काढली. महिपत सागाला घाबरला, भिकाजी महिपतच्या मागे गेला, ते समजण्यासारखं होतं.

"पण तुला तर ठावं होतं हवालदार कशाला आलाय," तो म्हणाला. "मग तू खोटं का बोललीस?"

तुळसानं एक खडा वेचून अंगणात टाकला.

"आत्माराम हितं ऱ्हातात का, असं त्यांनी विचारलंन," ती म्हणाली. "तुमी तर जायचं ठरवलंव होतं. मग मी खोटं काय बोलले?"

आत्मारामनं पासपोर्ट मिटला. तुळसा पुन्हा तांदूळ निवडू लागली.