राहीबाईची किंकाळी

"बाई, तुम्हाला मरता येईल का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

राहीबाई उंबऱ्यात बसून ज्वारीच्या पिठाचे गोळे वळत होती. तिचे हात तसेच थांबले. "आज न्हाई जमायचं," ती म्हणाली. "आज माजा सोमवार हाय."

ओट्यावर तंबाखू मळणारा तिचा नवरा सहादेव म्हणाला, "अगं, खरं न्हाई मरायचं. शिनेमात मरायचं."

"मंग उपास मोडत न्हाई?"

"न्हाई."

"मंग जमंल."

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. नेवाशाच्या अलीकडे गोदावरी जिथे वळण घेते, तिथे तेव्हा एक डोह होता. सकाळी त्याच्यावर धुकं दुधाच्या सायीसारखं धरायचं आणि सहादेवाची नाव त्यातून पलीकडे जायची, तेव्हा माणूस दिसायचं नाही, नुसतं वल्ह्याचं पाणी वाजायचं. डोहात साती आसरांची, पाण्यातल्या देवींची, वस्ती होती आणि तिथले मासे म्हणजे आसरांच्या माहेरवाशिणी. त्यांना कुणी गळ लावायचा नाही, त्यांच्यावर कुणी ओरडायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून राहीबाई रोज कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून टाळी वाजवायची. "या गं बायांनो," म्हटलं की हातभर लांबीचे मासे तिच्या लुगड्याभोवती गोळा व्हायचे आणि गूळ घातलेले गोळे हातातून खाऊन जायचे.

अशा या डोहावर आप्पासाहेब सिनेमा काढायला आले होते. नगरला त्यांचं फोटोचं दुकान होतं, पण जीव सिनेमात. दहा वर्षांपूर्वी त्यांनी 'डोहातला काळ' नावाचा चित्रपट सुरू केला होता. माणसं खाणाऱ्या माशाची भयकथा. त्या वेळी मासा पुठ्ठ्याचा होता. पाण्यात सोडला आणि तिथल्या तिथे विरघळला. खलनायकच विरघळल्यावर पुढे काय दाखवायचं? आता त्यांनी तोच सिनेमा पुन्हा, नव्या उमेदीनं काढायला घेतला होता. या खेपेला मासा पक्का होता. गोरक्ष सुतारानं लाकडी सांगाड्यावर वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे ठोकून तो केला होता. दात बाभळीच्या लांब पांढऱ्या काट्यांचे. एका बाजूच्या खवल्यांवर डब्यावरची झाडाची चित्रं तशीच राहिली होती, म्हणून त्याला नेहमी दुसऱ्या अंगानं पोहायला लावायचं ठरलं होतं.

अडचण वेगळीच होती. नायिकेनं डोहातले खरे मासे पाहिले आणि पाण्यात उतरायला साफ नकार दिला. म्हणून तिच्या जागी राहीबाई. तीही पाठमोरी.

दुसऱ्या बाजारच्या दिवशी ही बातमी सोनईला राहीबाईच्या थोरल्या बहिणीकडे, बनुबाईकडे पोचली. बनुबाईच्या घरी रेडिओ होता, आणि यात्रेतल्या तंबूत ती पुढे सतरंजी टाकून सिनेमे बघायची. तिचा उलटा निरोप आला, "पाठच दिसनार म्हनं. पाठ काय, आमच्या म्हशीचीबी दिसती."

संध्याकाळी राहीबाई आप्पासाहेबांच्या बिऱ्हाडी जाऊन उभी राहिली. "माजं तोंड दिसलं पायजे. न्हाईतर दुसरी बघा मरनारी."

"बरं," आप्पासाहेब म्हणाले. "मरताना एकदा तोंड दाखवू. पण मग बाई, अशी किंकाळी फोडा की तंबूतल्या माणसांची बोबडी वळली पाहिजे. किंकाळी नाही, तर तोंड नाही."

"त्यात काय. आमच्या ह्यास्नी हाका मारते, त्या पार पल्याडच्या काठाला ऐकू जात्यात."

ठरल्या दिवशी अख्खी वाडी काठावर जमली. ऊन कोवळं होतं, पाणी हिरवंगार. आप्पासाहेब क्यामेरा घेऊन सहादेवाच्या नावेत बसले. गोरक्ष सुतार तोंडात पपईच्या देठाची नळी धरून पाण्याखाली गेला. माशाला खालून ढकलायचं काम त्याचं.

"राहीबाई, पुढे बघा. पायाला मासे चावताहेत! ओरडा!"

मासे खरंच आले होते. रोजची वेळ, रोजची बाई. ते तिच्या पोटऱ्यांना तोंडं लावून गोळे शोधायला लागले. राहीबाईनं तोंड उघडलं, डोळे मोठे केले आणि फिस्सकन हसली. मग तिला हसू आवरेचना.

"कट! अहो, तुम्ही मरताय!"

"काय करू? गुदगुल्या हुत्यात!"

काठावरच्या बायाही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आप्पासाहेबांनी घाम पुसला. रीळ थोडं होतं आणि नवं आणायची ऐपत नव्हती. "खरे मासे राहू द्या. आता गोरक्षचा आणू. तो दिसला की ओरडायचं."

पाणी फुगलं. पत्र्याचा मासा वर आला. लाल रंगवलेले डोळे, करकरीत काटेरी जबडा, पाठीवरून ओघळणारं पाणी. काठावरची पोरं खरोखर दचकली. राहीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग सवयीनं कमरेची पिशवी सोडली, बोट कुंकवात बुडवलं आणि माशाच्या कपाळाला टिळा लावला. वर पदराच्या कोपऱ्यातले तांदूळ त्याच्या जबड्यात घातले.

"कट! कट! अहो बाई, तो तुम्हाला खायला आलाय!"

"आली असंल. पर पैल्यांदाच आलीया न्हवं? माहेरवाशीन दारात आली, तर वटी भरायची का वरडायचं?"

"ती माहेरवाशीण नाही! तो राक्षस आहे!"

"माज्या डोहात राक्षस कशाला ईल?" राहीबाई नम्रपणे म्हणाली. सहादेव वल्हं हातात धरून आकाशाकडे बघत राहिला.

आता रिळाचं शेपूट उरलं होतं. आप्पासाहेबांनी शेवटचा डाव टाकला. मासा मागून आणायचा, बाईला कळूच द्यायचं नाही. तिनं आपल्या माशांना गोळे घालत राहायचं. किंकाळी काय, नायिका काठावर उभी राहून देईल, ती नंतर जोडता येईल.

राहीबाई टाळी वाजवून हाका मारू लागली. मागून पाणी दुभंगून पत्र्याचा मासा वर आला, कपाळावर कुंकू तसंच. पण पत्र्यांना तुपाचा वास अजून होता. डोहातले मासे राहीबाईला सोडून त्याच्याकडे वळले. त्याला चाटत, त्याच्या अंगाला अंग घासत, डावीउजवीकडे रांगा धरून पोहू लागले, जशी काही पालखीच निघाली. क्यामेरा फिरत राहिला आणि रीळ संपलं. आप्पासाहेबांनी मागे वळून नायिकेला हाक मारली, तेव्हा कळलं की तिचा मामा येऊन तिला दुपारच्या एसटीनं घेऊन गेला होता.

किंकाळी राहिलीच. आप्पासाहेब माशासकट नगरला निघून गेले. जाताना त्यांचा चेहरा असा होता की राहीबाईला तोंडाचं विचारायचा धीर झाला नाही. एकदा गोळे वळताना ती सहादेवाला म्हणाली, "आक्का आता जल्मभर म्हशीचं सांगंल."

"सांगू दे की," सहादेव म्हणाला. "म्हस चांगली दूध देती."

त्यावर त्याला त्या रात्री भाकरी थोडी करपलेली मिळाली.

सोनईच्या यात्रेत तंबू लागला आणि ताडाच्या फळ्यांवर चुन्यानं लिहिलेलं नाव दिसलं, 'डोहातला काळ'. बनुबाईनं गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया आणल्या होत्या. दिवेलागणीचा खेळ. राहीबाई बहिणीच्या सतरंजीच्या कडेला अंग चोरून बसली. तंबूच्या फटीतून अजून केशरी उजेड येत होता, यंत्र घरघरत होतं आणि त्याच्या शेजारी आप्पासाहेब हाताची घडी घालून उभे होते.

पडदा उजळला आणि त्यावर तिचा डोह आला. तेच धुकं, तेच वळण, आणि धुक्यातून चाललेली सहादेवाची नाव. राहीबाईला वाटलं, आपण झोपेत आहोत आणि पाणी उशापाशी आलंय.

"म्हस कुठाय?" बनुबाई कुजबुजली. बाया खिदळल्या.

एवढ्यात सनई सुरू झाली. किंकाळी नव्हती, म्हणून आप्पासाहेबांनी लग्नाच्या फोटोंच्या वेळी वाजवायची दुकानातली तबकडी तिथे जोडली होती. सनईच्या सुरावर पाणी दुभंगलं आणि मासा वर आला. भला थोरला, कपाळी कुंकू, दोन्ही अंगांनी चालणाऱ्या माशांच्या रांगा. मग मागून एक म्हातारा उठला आणि त्यानं टोपी काढली. बायांनी हात जोडले. पडद्यावर नाणी पडू लागली. कुणी तान्ह्या लेकराला पडद्याच्या पायाशी घालायला पुढे धावली.

"आसरा आली गं! माऊली आली!"

आणि तेवढ्यात अख्ख्या पडद्यावर राहीबाईचं तोंड आलं. हसरं, पाण्यानं भिजलेलं, घोंगडीएवढं मोठं.

"अगं राहे! तूच की गं!" बनुबाईनं तिचा दंड गच्च धरला. "ए, बघा, ही माजी भन! माजी सख्खी भन हाय ही!"

पण राहीबाई स्वतःकडे बघतच नव्हती. त्या हसऱ्या बाईच्या मागे ते काटेरी जबड्याचं धूड येत होतं, आणि बाई खुळ्यासारखी गोळे वाटत होती. डोहात तिनं हे पाहिलंच नव्हतं. तिची पाठ होती ना तिकडे!

"बाई गं!" राहीबाई उभी राहिली. "माघारी बघ! माघारी बघ की गं, मेलीस!" आणि तिनं अशी किंकाळी फोडली की तंबूबाहेरच्या बैलांनी दावी ओढली, पुढची पोरं आयांच्या मांडीत घुसली आणि पडद्याच्या पायाशी घातलेलं लेकरू तिथून पळवून न्यावं लागलं.

आप्पासाहेब यंत्राशेजारी उड्या मारत होते. "हीच! हीच पाहिजे होती! बाई, तेव्हा कुठे होती ही?"

दुसऱ्या दिवशीच्या खेळाला त्यांनी तिला मानानं पुढे बसवलं. बनुबाई शेजारी, गल्लीतल्या बाया मागे, आता म्हशीचं नाव नाही. मासा जवळ आला, तसे आप्पासाहेब श्वास रोखून तिच्याकडे बघू लागले. राहीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. आता तिला ओळख पटली होती. "आलीस व्हय?" ती हळूच म्हणाली. पदराची गाठ सोडून तिनं गुळाचा गोळा काढला आणि नेम धरून पडद्यावर फेकला.

पुढच्या साली पाऊस आला नाही. डोह गुडघ्याएवढा झाला, पण टिकला, आणि माहेरवाशिणींना गोळे मिळत राहिले. आप्पासाहेबांचा तंबू मिरजगावपासून कोपरगावापर्यंत गावोगाव फिरला. पाट्यांवरचं 'डोहातला काळ' पुसून त्यांनी 'डोहातली माऊली' लिहिलं होतं. पडद्यावरचा गुळाचा डाग मात्र धुऊनही गेला नाही. रोज दिवेलागणीला सनई वाजायची, पाणी दुभंगायचं आणि तो थोरला मासा तोंड उघडून बरोबर त्या डागापाशी यायचा.